निर्वासित कुटुंबांचे स्वागत : ख्रिस्ती मंडळ्यांचे कार्य

युद्ध किंवा छळामुळे देश सोडावा लागलेले कुटुंब नव्या देशात स्थिरावेपर्यंत त्याची जबाबदारी एखाद्या स्थानिक मंडळीने (ख्रिस्ती उपासकसमूहाने), धर्मग्रामाने (एका चर्चच्या हद्दीतील कॅथलिक समाजाने) किंवा चर्चसंलग्न संस्थेने घेण्याची प्रथा. तिचा आधार बायबलमध्ये आहे. परक्यावर स्वतःसारखी प्रीती करा, कारण तुम्हीही मिसर (इजिप्त) देशात परके होता, अशी आज्ञा लेवीय (१९:३४) या पुस्तकात आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर हेरोद राजाच्या भीतीने योसेफ बाळ येशू व मरियेला घेऊन रातोरात मिसरला जातो.

आज हे काम बहुधा सरकारशी करार करून चालते. कॅनडात १९७९ मध्ये मेनोनाइट या प्रोटेस्टंट पंथाच्या मेनोनाइट सेंट्रल कमिटी या मदतसंस्थेने असा पहिला करार केला. पाठोपाठ इतर चर्चही पुढे आली. १९७९-८० या दोन वर्षांत व्हिएतनाम, कंबोडिया व लाओसमधून सुमारे ६०,००० निर्वासित तेथे आले. त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांचा भार खासगी पुरस्कर्त्यांनी, म्हणजे निर्वासितांची जबाबदारी घेणाऱ्या मंडळ्या व नागरिकांच्या गटांनी, उचलला. इटलीत सँत एजिदिओ हा कॅथलिक समुदाय आणि प्रोटेस्टंट चर्च यांनी डिसेंबर २०१५ मध्ये सरकारशी करार करून लेबनॉनमधील निर्वासितांना कायदेशीर व्हिसावर विमानाने आणायला सुरुवात केली. जीव धोक्यात घालून समुद्र ओलांडण्याची वेळ त्यामुळे त्यांच्यावर येत नाही, आणि हेच या योजनेचे सर्वांत मोठे यश आहे. खर्च चर्च करतात. त्यात करदात्यांनी वाल्डेन्शियन या इटलीतील जुन्या प्रोटेस्टंट चर्चच्या नावे दिलेला प्राप्तिकराचा हिस्साही असतो.

कुटुंब येण्याआधी घर भाड्याने घेणे, अंथरूण-पांघरूण व भांडीकुंडी लावणे ही कामे सोपी. त्यांना हात लावायला सगळे तयार असतात. कस लागतो तो पुढे. ओळखपत्र, बँक खाते, मुलांचा शाळाप्रवेश, दवाखाना, भाषेचे वर्ग यांसाठी आठवड्यामागून आठवडे कोणीतरी सोबत जावे लागते. मुले भाषा लवकर उचलतात, म्हणून डॉक्टरांपुढे त्यांनाच दुभाषी करण्याचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे : आईचे दुखणे किंवा वडिलांनी सोसलेला छळ लेकराच्या तोंडून वदवून घेणे दोघांनाही जाच करते. पैशांचे निर्णय कुटुंबानेच घ्यावेत. मदत करणाऱ्याला स्वयंपाकघर कसे लावावे हेही सांगावेसे वाटते; तिथे स्वतःला आवरणे हीच खरी सेवा.

मदतीच्या बदल्यात धर्मांतराची किंवा उपासनेला येण्याची अपेक्षा ठेवायची नाही, हा जबाबदार संस्थांचा दंडक आहे. पोप फ्रान्सिस यांनी सप्टेंबर २०१५ मध्ये युरोपातील प्रत्येक धर्मग्रामाला एक निर्वासित कुटुंब घेण्याचे आवाहन केले. एप्रिल २०१६ मध्ये ग्रीसच्या लेस्बोस बेटावरून परतताना त्यांनी स्वतःच्या विमानातून आणलेली तिन्ही सीरियन कुटुंबे मुस्लिम होती.

कॅनडात पुरस्कर्त्याची जबाबदारी साधारणपणे एक वर्षाची असते. मुदत संपली तरी संबंध बहुधा तुटत नाहीत. स्थिरावलेली कुटुंबे मागे राहिलेल्या आप्तांना आणण्यासाठी पुष्कळदा त्याच मंडळीकडे येतात, आणि नव्या अर्जांतील मोठा वाटा अशाच नातलगांचा असतो.