पार्श्वभूमी : ‘फिजा’तला बेपत्ता भाऊ

‘फिजा’ हा हिंदी चित्रपट 8 सप्टेंबर 2000 ला प्रदर्शित झाला. 1993 च्या दंगलीत जीव वाचवायला पळालेला मुंबईतला एक तरुण घरी परतत नाही, सहा वर्षांनी बहीण त्याला शोधायला निघते आणि तो सापडतो तेव्हा त्याच्या हातात बंदूक असते. दंगलीची जखम आणि तिचा सूड ही सांगड आज आपल्याला ओळखीची वाटते. ती चित्रपटाआधी सरकारदरबारी घातली गेली होती.

मुंबईला दंगली नव्या नव्हत्या. 1893 मध्ये झाली, 1984 मध्ये भिवंडीची आग शहरात आली. पण दंगलीनंतर कागद किती आणि कसा तयार होतो, हे मुंबईने 1993 नंतरच पाहिलं.

1993 च्या जानेवारीत नेमलेला न्या. श्रीकृष्ण यांचा एकसदस्यीय चौकशी आयोग पोलीस ठाण्यागणिक साक्षी नोंदवत होता. 2,126 प्रतिज्ञापत्रं, 502 साक्षीदार. मध्ये 1995 ला सत्तापालट झाला. साक्षींत ज्या पक्षाचं, शिवसेनेचं, नाव वारंवार येत होतं, तोच आता सरकारात होता. 23 जानेवारी 1996 ला आयोग गुंडाळला गेला. फार वेळ लागतोय, जुन्या जखमा कशाला उकरायच्या, असा खुलासा झाला. ओरड झाली, दिल्लीतल्या वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारनेही सांगून पाहिलं आणि 28 मे ला आयोग पुन्हा उभा राहिला. मात्र कार्यकक्षेत भर घालून : 12 मार्च 1993 चे बॉम्बस्फोट आणि दंगल हा एकाच कटाचा भाग होता का, हेही आता तपासायचं होतं. दंगलीची चौकशी पातळ करायलाच ही पुरवणी जोडली, असं तेव्हा बोललं गेलं आणि ते खोडून काढणं अवघड आहे. गंमत म्हणजे पुरवणी उलटली. एकच कट असल्याचा पुरावा नाही, पण स्फोटांमागच्या कारणांत दंगल होती, असं अहवालाने लिहिलं. फेब्रुवारी 1998 मध्ये तो सादर झाला, ऑगस्टमध्ये विधिमंडळात मांडला गेला आणि ‘हिंदुविरोधी’ ठरवून सरकारने त्यातले मुख्य निष्कर्ष झटकले.

सूडाचा धागा चित्रपटाने घेतला तो या वादानंतर, आणि जरा जपून. त्याचा नायक दोन धर्मांच्या एकेका पुढाऱ्याला मारतो. अहवालात असा समतोल नव्हता : जानेवारीतले मुसलमानांवरचे हल्ले संघटित होते, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

आणि बेपत्ता? नोंदीतले 168. सात वर्षं ज्याची खबर नाही तो कायद्याने मेला असं धरता येतं. चित्रपटातली बहीण सहा वर्षांनी निघते, म्हणजे तिचा भाऊ कायद्याच्या लेखी अजून जिवंतच. प्रत्यक्षात दोन लाखांची भरपाई 60 कुटुंबांना मिळाली. उरलेल्या 108 बाबत सरकारचं उत्तर होतं की पत्ते पुरेसे नाहीत किंवा नातेवाइकांनी कागदपत्रांची पूर्तता केली नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे वारस शोधायला सांगितलं आणि जानेवारी 1999 पासून 9 टक्के व्याजासह रक्कम द्यायचा आदेश दिला. त्याच निकालात दंगलीच्या सुप्त फाइलींत (आरोपी सापडत नाहीत म्हणून बाजूला ठेवलेल्या) पडलेल्या 97 खटल्यांचे फरार आरोपी शोधायलाही सांगितलं आहे.