पावणेतीन किलोचं बाळ आणि चाळिशीतली साखर

सकाळी सातला पुण्यातल्या कुठल्याही पेठेतल्या पॅथॉलॉजी लॅबसमोर 'फास्टिंग' द्यायला थांबलेली माणसं जरा नीट बघा. त्यांतल्या बऱ्याच जणांना कोणी लठ्ठ म्हणणार नाही. शर्ट खांद्यावर सैल, घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात, आणि कमरेच्या पट्ट्यावर मात्र छोटीशी ढेरी. घरी त्यांच्याबद्दल एकच प्रश्न फिरत असतो: "एवढा काटकुळा, आणि याला शुगर?"

या प्रश्नाचा माग काढण्याचं बरंचसं काम याच शहरात झालं आहे. रास्ता पेठेतलं केईएम रुग्णालय (परळचं नव्हे, हे वेगळं) आणि पुण्याजवळची सहा गावं ही त्याची जागा. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला 'टाइप ५' म्हणून मान्यता दिली, तेव्हा 'बारीक माणसाचा मधुमेह' बातम्यांत आला. पुण्यातली गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची आहे, आणि खरं तर ती थोडी वेगळीही आहे.

१९८०च्या दशकात डॉ. चित्तरंजन याज्ञिक केईएममध्ये मधुमेहाचे रुग्ण तपासू लागले तेव्हा पाठ्यपुस्तकातला रुग्ण आणि समोरचा रुग्ण जुळेना. पुस्तकातला टाइप २ चा रुग्ण गोरा, वयस्कर आणि जाडजूड. इथे येणारा त्याच्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, वजनाने कमी, पण चरबी नेमकी पोटावर. तेव्हा यावर दोन तयार उत्तरं होती. एक, खाणंपिणं आणि बैठं काम. दुसरं, जनुकं. १९६२ साली जेम्स नील यांनी मांडलं होतं की दुष्काळात तग धरायला उपयोगी पडलेली 'काटकसरी' जनुकं सुकाळात माणसाच्या मुळावर येतात.

तिसरं उत्तर इंग्लंडमधून आलं, तेही जुन्या वह्यांतून. हर्टफर्डशायर परगण्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सुईणी आणि आरोग्यसेविकांनी बाळांची जन्माची आणि वर्षाची वजनं शाईने लिहून ठेवली होती. डेव्हिड बार्कर आणि निक हेल्स यांनी त्यांतले साठीच्या पुढचे पुरुष शोधून काढले, त्यांना साखरेचं पाणी पाजून रक्त तपासलं. जन्मताना जे हलके होते, त्यांच्यात मधुमेह जास्त निघाला. १९९२ मध्ये दोघांनी मांडणी केली: पोटात असताना अन्न कमी पडलं, तर गर्भ मेंदू वाचवतो आणि स्वादुपिंड, स्नायू यांच्यावर काटकसर करतो. पुढे आयुष्यभर भरपेट मिळालं, की हीच काटकसर अंगाशी येते. नीलचा शब्द उचलून त्यांनी अर्थ मात्र पालटला. दोष वंशातून आईच्या ताटातल्या अन्नाकडे सरकला.

असल्या वह्या आपल्याकडे मिळणं अवघडच. (म्हैसूरच्या एका मिशन इस्पितळात १९३४ पासूनच्या सापडल्या, तो अपवाद.) केईएममध्ये मग मुलांपासून सुरुवात झाली. तिथे जन्मलेल्या आणि चार वर्षांच्या झालेल्या ३७९ मुलांना ग्लुकोज पाजून तपासलं. जन्माचं वजन जितकं कमी, तितकी अर्ध्या तासानंतरची साखर आणि इन्शुलिन जास्त. चार वर्षांच्या पोरांत!

पण मग मागे किती जायचं? जन्माच्या वेळी वजन कमी भरलं तर त्याची कारणं आधीची असणार. म्हणून १९९३ मध्ये सहा गावांत नवा अभ्यास सुरू झाला, पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी. ग्रामीण भागात घरोघर जाण्याची वाट केईएमच्याच डॉ. बानू कोयाजींनी वढूच्या आरोग्य प्रकल्पातून आधीच पाडली होती. त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तोही १९९३ मध्येच.

या अभ्यासाची खरी मेहनत कागदावर दिसत नाही. लग्न झालेल्या दोन हजारांवर बायकांकडे क्षेत्र-कार्यकर्त्या दर महिन्याला जाऊन पाळीची तारीख विचारत. दिवस गेले की सोनोग्राफीने खात्री, मग अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्याला वजन, रक्त, काय खाल्लं, किती काम केलं याची नोंद. बाळंतपण कुठेही झालं तरी बाळाला ७२ तासांच्या आत गाठायचं. माहेरी गेलेल्या सुनेचं बाळ असलं, तर माहेरी. तिथे बाजेवर किंवा आजीच्या मांडीवर उघडं केलेलं बाळ, आणि चिमट्यासारखा दिसणारा, पण ठरावीक दाबानेच मिटणारा एक कॅलिपर. बाळाच्या पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली कातडीची घडी धरायची, त्यात कॅलिपर लावायचा आणि काटा स्थिरावला की मिलिमीटरचे दशांश लिहायचे. मग दंडाचा घेर, पोटाचा घेर, डोक्याचा घेर. बाळ रडतं, आजी कुरकुरते, आकडा पुन्हा घ्यावा लागतो.

आकडे इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशेजारी ठेवले. तिथलं सरासरी वजन साडेतीन किलो, इथलं २.७. पावणेतीनलाही थोडं कमीच. आयांचा फरक आणखी बोलका: इथली आई सरासरी २१ वर्षांची, ४४.६ किलोची, उंची १५२ सेंटिमीटर. बाळ लहान असणार हे ओघानेच आलं. नवल पुढे होतं. आठशे ग्रॅमची तूट अंगभर सारखी वाटलेली नव्हती. पोटाचा घेर सगळ्यांत जास्त घटलेला, म्हणजे यकृत, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांना जागा कमी. दंड बारीक, म्हणजे स्नायू कमी. पण फऱ्याखालची ती घडी? ती जवळजवळ तेवढीच. हडकुळ्या बाळाच्या कातडीखाली चरबी मात्र शाबूत. २००३ मध्ये हा शोधनिबंध छापून आला, त्यात या बाळाला 'थिन-फॅट' म्हटलं. मराठीत नेमका शब्द अजून रुळलेला नाही. 'कृश पण मेदयुक्त' हे कोशातच शोभतं. त्याआधी नाळेतल्या रक्ताची लंडनच्या बाळांशी तुलना झाली होती, त्यात पुण्याच्या लहान बाळांत इन्शुलिन जास्त आढळलं. म्हणजे चाळिशीत लॅबसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाचा आराखडा पहिल्या दिवशीच काढलेला.

रोगाचं यंत्र इथे उलगडतं. रक्तातली बरीचशी साखर स्नायू उचलतात, म्हणून स्नायू कमी तर गिऱ्हाईक कमी. पोटातली चरबी यकृताकडे स्निग्धाम्लं सोडत राहते, त्यामुळे इन्शुलिनचं म्हणणं ऐकलं जात नाही. आणि इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींचा साठाच मुळात तोकडा. तिन्ही गोष्टी मिळून वजनाच्या काट्यावर मात्र काहीच दिसत नाही. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन (साखरेविरुद्ध झगडणारे ते युडकिन वेगळे) यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला गेला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. मला वाटतं, हजार तक्त्यांनी जे पटलं नसतं ते त्या एका फोटोने पटवलं. भारतीयांसाठी बीएमआयची मर्यादा २५ वरून २३ वर आणावी ही शिफारस त्याच काळातली.

पण आयांच्या ताटात नेमकं काय कमी होतं? सोपा अंदाज होता उष्मांक आणि प्रथिनं. दिवसाला १८०० कॅलरीच्या आसपास आणि ४५ ग्रॅम प्रथिनं, हे कमी होतंच. तरी बाळाच्या आकाराशी जास्त नातं दिसलं ते पालेभाजी, फळं आणि दूध किती वेळा खाल्लं याचं. कष्टाचंही दिसलं: पाणी आणणं, शेतातली कामं जितकी जास्त, बाळ तितकं लहान. ज्या गावांत सकाळी कॅन भरून दूध डेअरीला जातं, त्याच गावांत गरोदर बाईच्या वाट्याला चहापुरतं दूध राहतं, हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको.

दुधाचा मुद्दा पुढे बी-१२ शी येऊन भिडला. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसतं; दूध, अंडी, मांस-मासे यांतूनच मिळतं. गरोदरपणाच्या अठराव्या आठवड्यात दोनतृतीयांश आयांत ते कमी निघालं. फोलेट (पालेभाज्यांतलं जीवनसत्त्व, गोळीत ते फॉलिक अॅसिड म्हणून असतं) मात्र एकीचंच कमी होतं. शहरातही वेगळं नव्हतं: २००६ मध्ये छापलेल्या पुणे आणि परिसरातल्या ४४१ पुरुषांच्या पाहणीत ६७ टक्के लोकांत बी-१२ कमी, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. वरण-भात-तूप खाणाऱ्या घरांचा मान राखूनही हा आकडा पचवावाच लागतो.

२००८ चा शोध सगळ्यांत अस्वस्थ करणारा. मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा इन्शुलिनला सर्वांत जास्त विरोध कोणाच्या शरीरात दिसला? ज्यांच्या आईत बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या. ही दोन्ही जोडीने काम करतात. बी-१२ नसलं तर फोलेट मधेच अडकून पडतं, होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल रक्तात साचतं आणि जनुकांवर मिथाइलच्या रासायनिक खुणा लावण्याचं काम बिघडतं. अक्षरं तीच राहतात, कुठलं पान उघडं ठेवायचं आणि कुठलं दुमडायचं ते बदलतं. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही, हे स्पष्ट ठेवायला हवं. तरीही, गरोदर बाईला सरकारी केंद्रातून मिळणाऱ्या गोळीत लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं, बी-१२ नसतं. पंधराएक वर्षांत या गोळीवर जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झालेली नाही, असं माझं मत आहे.

एक हिशोब मी माझ्यापुरता करून पाहिला. १९९३ च्या सुमारास एकविशीत असलेल्या त्या आया जन्मल्या १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे. तेव्हा त्यांच्या आया खडी फोडत होत्या, लाल मिलोच्या भाकरी आणि सुकडीवर दिवस काढत होत्या. मुलीच्या अंडाशयातली सगळी बीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. म्हणजे १९९३ नंतर मोजलेल्या बाळाचं अर्धं बीज आजीच्या पोटात दुष्काळ पाहून आलेलं असू शकतं. पुण्यातल्या संशोधकांचा सहभाग असलेला २०१५ चा उंदरांवरचा प्रयोग याच दिशेला जातो: पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांना पुढे दोन पिढ्या पोटभर खाऊ घातलं, तरी मधुमेहाचा धोका गेला नाही.

गावातली ती बाळं अठरा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली. ४८ टक्क्यांचं वजन प्रमाणापेक्षा कमी, आणि तरीही ३७ टक्के मुलगे व १८ टक्के मुली यांची साखर वाढलेली, बहुतेकांची मधुमेहाच्या उंबरठ्यावर. लठ्ठपणा येण्याची वाट साखरेने पाहिलीच नाही.

आता टाइप ५ चं. जागतिक आरोग्य संघटनेने कुपोषणजन्य मधुमेह १९८५ मध्ये यादीत घेतला आणि १९९९ मध्ये काढून टाकला. वेल्लोरच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये दाखवलं की या रुग्णांत इन्शुलिन कमी बनतं, पण बनलेल्याला शरीर नीट दाद देतं. पुण्याच्या 'थिन-फॅट' माणसात सहसा दोन्ही बिघडलेलं असतं. म्हणून बारीक दिसणारा प्रत्येक मधुमेही टाइप ५ चा नव्हे. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांनी ही सरमिसळ भरपूर केली आहे.

२०१२ पासून त्याच गावांतल्या, त्याच बाळांपैकी आता वयात आलेल्या मुलामुलींना प्रयोगात घेतलं गेलं. काहींना रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२, काहींना त्यासोबत इतर सूक्ष्म पोषकं, काहींना नुसती दिसायला तशीच गोळी. लग्नानंतर मुलींना दिवस जाईपर्यंत आणि पुढे बाळंतपणापर्यंत. २०२१ मध्ये छापलेल्या निष्कर्षांत, बी-१२ घेतलेल्या आयांची मुलं दोन वर्षांची असताना बौद्धिक वाढीच्या चाचण्यांत सरस ठरली. साखरेचं उत्तर मिळायला मात्र ही मुलं आधी वयात यायला हवीत.