डिजिटल पेंटिंग, फोटोवरून

कॅमेऱ्याने टिपलेल्या छायाचित्राला संगणकावर किंवा टॅबलेटवर तैलरंग, जलरंग, पेस्टल अशा माध्यमाचे रूप देण्याची पद्धत. हे रूप दोन वाटांनी येते. फिल्टर म्हणजे अख्ख्या प्रतिमेवर एकदम चालणारी गणिती प्रक्रिया. ब्रश म्हणजे डिजिटल पेनाच्या दाबानुसार हाताने ओढलेले फटकारे. पुण्यात लग्नाच्या फोटोंवर, पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या दृश्यांवर असे काम करणारे सहसा दोन्हींची सरमिसळ करतात.

फोटोला चित्राचा साज चढवण्याची हौस संगणकाच्या फार आधीची. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या स्टुडिओंमध्ये कृष्णधवल छापांवर हाताने रंग भरणारे चित्रकार असत. छापील चित्र तैलचित्रासारखे दिसावे ही धडपडही तितकीच जुनी. पुण्यात १८७८ मध्ये निघालेल्या चित्रशाळा छापखान्याने देवादिकांची रंगीत शिळाछाप (दगडावर रेखून छापलेली) चित्रे भिंतींवर आणली. राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. त्याची चित्रे ओलिओग्राफ म्हणून ओळखली जातात. ओलिओग्राफमध्ये प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, वरून वॉर्निश आणि कधीकधी कॅनव्हासच्या विणीचा खोटा उठावसुद्धा. आज सॉफ्टवेअरमध्ये शेवटी चढवतात तो ‘कॅनव्हास टेक्स्चर’चा लेयर त्याच खटपटीतला.

संगणकीय बाजू १९९० च्या सुमारास आकाराला आली. त्या वर्षी पॉल हेबर्ली यांनी संगणकीय चित्रांवरच्या सिग्राफ परिषदेत मांडलेली कल्पना साधी होती : फटकाऱ्याचा रंग फोटोतून उचलायचा, दिशा त्या जागच्या उजेड-सावलीच्या उतारावरून ठरवायची, जागा मात्र माणसाने माउसने दाखवायची. १९९८ मध्ये आरन हर्ट्झमन यांनी माणसाची ही जागाही गणिताला दिली. त्यांची रीत समजायला शाळेतली चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिलेली असली तर बरे. स्थिरचित्र काढताना चित्रकलेचे सर मागून म्हणत, ‘डोळे किलकिले करून बघ.’ तसे पाहिले की पाने जातात, झाड उरते. हर्ट्झमन यांची पद्धत आधी फोटो खूप धूसर करून मोठ्या ब्रशने कॅनव्हास भरते. मग कमी धूसर फोटोशी ताडून पाहते आणि जिथे फरक जास्त तिथेच बारीक ब्रश फिरवते. प्रत्यक्ष चित्रकारही ढोबळाकडून बारकाव्याकडेच जातो. फरक एवढाच की कोणता बारकावा मोलाचा हे गणिताला कळत नाही. त्याला फक्त फरकाचा आकडा कळतो.

तैलरंगाचा भास देणारा सर्वांत परिचित फिल्टर जपानी संशोधक कुवाहारा यांचा. १९७६ मधला हा शोध मुळात वैद्यकीय प्रतिमांतला खरखरीतपणा घालवण्यासाठी होता. प्रतिमेतल्या प्रत्येक बिंदूभोवती (पिक्सेलभोवती) एकमेकांवर थोडे चढलेले चार चौकोन कल्पायचे. ज्या चौकोनात छटांची चढउतार सर्वांत कमी, त्याची सरासरी त्या बिंदूला द्यायची. त्यामुळे सपाट भाग आणखी सपाट होतात, कडा मात्र शाबूत राहतात, आणि रंगाचे जाड लपके दिल्यासारखे वाटते. मराठी लग्नाच्या फोटोवर तो चालवला की त्याची मर्यादा लगेच दिसते. शालूचा सपाट भाग देखणा होतो, पण नथीचे मोती आणि मुंडावळ्यांच्या सरी तो गिळून टाकतो. चौकोनाच्या मानाने मोती फारच लहान असतो. डोळ्यांतली चमकही अशीच जाते आणि नवरी पेंगुळलेली दिसते. म्हणून चेहरा व दागिने मास्क लावून, म्हणजे तेवढा भाग फिल्टरपासून झाकून, वाचवतात किंवा नंतर हाताने रंगवतात.

२०१५ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या संशोधकांनी न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी संगणकीय रचना, वापरून एका चित्राची शैली दुसऱ्या प्रतिमेवर उतरवून दाखवली. पुढच्याच वर्षी आलेल्या प्रिझ्मा ॲपने ती करामत मोबाइलवर आणली. काही महिने सगळ्यांचे डीपी एकाच चित्रकाराने काढल्यासारखे दिसत होते.

ब्रशच्या वाटेसाठी १९९१ चा पेंटर हा जुना आणि मानाचा प्रोग्रॅम. फोटोची प्रत खाली ठेवून तिचेच रंग ब्रशला पुरवणारे त्याचे ‘क्लोनिंग’ अजूनही वापरात आहे. फोटोशॉपमध्ये ओला रंग ओढून मिसळणारा मिक्सर ब्रश २०१० मध्ये, तर ऑइल पेंट फिल्टर २०१२ मध्ये आला. कृता आणि गिंप फुकट मिळतात आणि शिकणाऱ्याला पुरून उरतात.

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचे उदाहरण घेऊ. दारावर अणकुचीदार खिळ्यांच्या रांगा आहेत. फिल्टर त्या सगळ्यांना समान न्याय देतो, म्हणजे सगळ्यांचे सारखेच डाग करतो. हाताने रंगवणारा उजेडाच्या बाजूचे पाच-सहा खिळे टोकावर चमक देऊन नीट काढतो, उरलेले सावलीत दोन-दोन ठिपक्यांत उडवतो; पाहणाऱ्याचा डोळा रांगा पूर्ण करतो. मिलिंद मुळीक यांच्यासारख्या पुण्यातल्या जलरंगकारांची शहरदृश्ये पाहिली की काय गाळायचे याचा धडा मिळतो, आणि हा धडा कोणत्याही मेनूत सापडत नाही. पेठांत गाळण्याची सुरुवात अर्थात केबलच्या वायरी आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सपासून होते. दुपारचे कडक ऊन जमायला कठीण. पावसात भिजलेला रस्ता उलट निम्मे काम स्वतःच करून ठेवतो, कारण त्यातली प्रतिबिंबे आधीच फटकाऱ्यांसारखी असतात.

नवशिक्यांची हमखास चूक म्हणजे व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो वापरणे. दाबून लहान केलेल्या जेपेग प्रतिमेत ८ × ८ बिंदूंचे चौकोन उमटतात. फिल्टर त्यांनाच कडा समजतो आणि आजोबांच्या गालावर फरशी बसवतो. दुसरी चूक मापाची. लहान प्रतीवर जाड वाटणारा फटकारा मूळ मोठ्या फाइलवर त्याच आकड्याने केसासारखा बारीक येतो, म्हणून छपाईचे माप आधी ठरवून मगच ब्रश निवडतात. इंचाला ३०० बिंदूंच्या हिशेबाने ए-थ्री कागदाला ४९६१ × ३५०८ बिंदू लागतात. ४००० × ३००० चा मोबाइल फोटो त्यात थोडा कमी पडतो, पण कॅनव्हासवर ते सहसा जाणवत नाही. कापडाची वीण झाकून नेते. छापल्यावर काहीजण वरून पारदर्शक ॲक्रिलिक जेलचे खरे फटकारे मारतात, म्हणजे तिरप्या उजेडात उठाव दिसतो.

हक्कांबाबत : दुसऱ्याच्या फोटोवर कितीही ब्रश फिरवला तरी मूळ फोटोचा कॉपीराइट पुसला जात नाही. १९५७ च्या कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता छायाचित्रकार असतो. मात्र मोबदला देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, मोबदला देणाऱ्याचा. लग्नाचा अल्बम चित्रांत करून घेताना फोटोग्राफरशी झालेला कागद एकदा वाचलेला बरा.