नेम धरण्याआधी अर्धा लिटर पाणी

रेडिएशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलेल्या जवळजवळ प्रत्येक बाईच्या हातात पाण्याची बाटली असायची. मावशीच्याही. आधी लघवीला जाऊन यायचं, मग अर्धा लिटर पाणी प्यायचं आणि पाऊण तास कळ काढत बसायचं, ही रोजची शिस्त. एकदा ती आत गेली आणि पाच मिनिटांत परत आली. ‘लघवीची पिशवी पुरती भरली नाही म्हणे. मशीनवाला म्हणाला, मावशी, अजून दोन ग्लास प्या, मग बोलावतो.’ तोवर पुढचा नंबर आत गेलासुद्धा. कोट्यवधी रुपयांचं यंत्र एका बाईच्या लघवीची वाट बघत थांबतं, याचं मला तेव्हा हसू आलं होतं. कारण कळल्यावर ते हसू गेलं.

मावशीची गर्भपिशवी कॅन्सरमुळे काढली होती. शस्त्रक्रियेनंतर मागे राहिलेल्या पेशी मारायला 25 वेळा रेडिएशन ठरलं होतं; सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे. गावाकडून रोज फोन यायचा, ‘आज कितवा शेक?’ आपल्याकडे रेडिएशनला शेकच म्हणतात, कुणी लाईट म्हणतात. शब्द सोयीचा आहे, पण फसवा आहे. एका वेळचा डोस असतो साधारण 2 ग्रे. ग्रे म्हणजे एक किलो वजनामागे एक ज्यूल ऊर्जा. तेवढ्यानं शरीराचा तो भाग तापतो किती? एका अंशाच्या दोन हजाराव्या भागाहूनही कमी. चहाच्या एका घोटानं याहून जास्त ऊब पोटात जाते.

मग पेशी मरते कशानं? क्ष-किरण अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवून लावतात. ते इलेक्ट्रॉन, आणि त्यांच्या धडकेनं पाण्याच्या रेणूंचे जे तुकडे होतात ते, पेशीतल्या डीएनएच्या गोफाचे पदर तोडतात. एक पदर तुटला तर पेशी तो सांधते. दोन्ही पदर एकाच ठिकाणी तुटले तर दुरुस्ती अवघड होते, आणि पुढच्या विभाजनाच्या वेळी बऱ्याच पेशी मरतात. निरोगी पेशींची दुरुस्ती सहसा जास्त चोख असते. म्हणूनच तर सगळा डोस एकदम न देता 25 दिवसांत वाटून देतात. रात्रभरात निरोगी पेशी आपली डागडुजी उरकतात.

अडचण अशी की किरण मधल्या वाटेवरही काम करत जातो. नेहमीच्या 6 मेगाव्होल्टच्या यंत्राचा क्ष-किरण त्वचेखाली दीड सेंटिमीटरवर सर्वात जोरात असतो. दहा सेंटिमीटर खोल जाईतो त्याचा दोन तृतीयांश जोर उरतो, आणि तो दुसऱ्या बाजूनं बाहेरही पडतो. एकाच दिशेनं मारला तर गाठीआधी वरचंच भाजून निघेल. त्यावरची युक्ती गणपतीच्या मांडवात दिसते. चार कोपऱ्यांतून चार फोकस मूर्तीवर सोडले की प्रत्येक झोत वाटेत फिका असतो, पण जिथे सगळे एकमेकांना छेदतात तिथे लखलखाट होतो. यंत्राचं डोकं म्हणूनच रुग्णाभोवती फिरतं.

फिरता फिरता झोताचा आकारही बदलतो. यंत्राच्या तोंडाशी टंगस्टनच्या पातळ पट्ट्या असतात, समोरासमोर, शंभराच्या आसपास. बाजाच्या पेटीच्या पट्ट्या खालीवर होतात, या मागेपुढे होतात, आणि प्रत्येकीला वेगळी मोटर असते. त्या दिशेनं गाठ जशी दिसते तशी फट त्या उघडतात आणि लगेच बदलतात. शिवाय झोताचा जोरही जागेजागी कमीजास्त करता येतो. डॉक्टर याला आयएमआरटी म्हणतात. यातून डोसाला खळगा पाडता येतो: घशातल्या गाठीला पूर्ण डोस, पण तिच्या शेजारच्या लाळग्रंथीला कमी. तोंडाला जन्मभर कोरड पडलेल्या माणसाला भाकरीचा घास गिळताना पाहिलं असेल, तर त्या खळग्याची किंमत वेगळी सांगायला नको.

इतकं सगळं असूनही शरीर काही स्थिर राहत नाही. फुफ्फुसातली गाठ श्वासाबरोबर सेंटिमीटरभर सहज हलते. म्हणून डॉक्टर गाठीभोवती थोडी जागा जास्तीची धरतात. ती जागा किती महाग पडते बघा. चार सेंटिमीटर व्यासाची गाठ म्हणजे एखादं लिंबू, साधारण 33 घन सेंटिमीटर. सगळीकडून अर्धा सेंटिमीटर वाढवा, आकारमान 65 होतं. एक सेंटिमीटर वाढवा, 113. हा वाढलेला सगळा भाग निरोगी असतो. अचूकतेची खरी लढाई या सालीच्या जाडीवर चालते.

ती साल पातळ ठेवायची तर रुग्ण रोज त्याच जागी, त्याच स्थितीत हवा. डोक्यामानेच्या रुग्णासाठी प्लॅस्टिकची जाळीदार शीट गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ताणतात. ती काही मिनिटांत थंड होऊन कडक होते आणि त्या माणसाचा साचा तयार होतो. डावीकडच्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये दीर्घ श्वास रोखून धरायला लावतात. फुगलेलं फुफ्फुस हृदयाला बाजूला सारतं. मावशीच्या कमरेवर शाईचे तीन ठिपके गोंदले होते, खोलीतले लेझर त्यांच्याशी जुळवायचे. ‘कपाळावरचं गोंदण आईनं करवलं, हे डॉक्टरनं,’ असं ती सगळ्यांना सांगायची.

आणि पाणी. गर्भपिशवी काढली की रिकाम्या जागेत लहान आतडी उतरतात, नेमकी किरणांच्या वाटेत. भरलेली मूत्रपिशवी त्यांना वर ढकलते. आत गेल्यावर यंत्र आधी एक स्कॅन काढतं, पिशवी भरली का, सगळं जागेवर आहे का ते पाहतात, टेबल दोनचार मिलिमीटर सरकवतात, आणि मगच झोत सुरू होतो.

याचा उपयोग होतो का, हे मुंबईतच मोजलं गेलं आहे. टाटा मेमोरियल सेंटरमध्ये डॉ. सुप्रिया चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेल्या 300 जणींच्या दोन गटांत तुलना केली: निम्म्यांना जुन्या पद्धतीनं, निम्म्यांना रोजचं चित्र बघून आयएमआरटीनं. निष्कर्ष 2021 मध्ये आले. तीन वर्षांत आतड्याचा मध्यम किंवा त्याहून गंभीर त्रास जुन्या पद्धतीत 42.4 टक्के, नव्या पद्धतीत 21.1 टक्के. कॅन्सर आटोक्यात राहण्यात मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. हे मला फार प्रामाणिक वाटतं. नव्या यंत्रानं जास्त बायका वाचल्या असा दावा कुणी केला नाही. ज्या वाचल्या त्यांच्यातल्या कमी जणींना एसटीत बसताना आधी संडास कुठे आहे ते शोधावं लागलं, एवढंच. एवढंच म्हणजे पुष्कळ झालं.

आता प्रोटॉनबद्दल, कारण जाहिराती तिथूनच सुरू होतात. प्रोटॉन हा अणूच्या गाभ्यातला कण; क्ष-किरणाऐवजी त्याचा झोत सोडतात. तो वाटेत थोडी थोडी ऊर्जा टाकत जातो आणि थांबण्याच्या क्षणी उरलेली बहुतेक ओतून मोकळा होतो. त्यापलीकडे जवळजवळ काहीच जात नाही. कॅन्सरवर याचा उपयोग करता येईल हे रॉबर्ट विल्सन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं 1946 मध्ये मांडलं. भारतात चेन्नईला 2019 मध्ये आणि टाटा मेमोरियलच्या खारघरच्या केंद्रात 2023 मध्ये प्रोटॉनचे उपचार सुरू झाले. लहान मुलांच्या मेंदू-मणक्याच्या कॅन्सरमध्ये हे वरदान आहे: मणक्याला डोस मिळतो, पुढचं हृदय आणि आतडी बचावतात, आणि त्या मुलाला अजून साठ-सत्तर वर्षं जगायचं असतं.

पण प्रोटॉनचं थांबणंच त्याची अडचणही आहे. तो नेमका कुठे थांबेल या हिशोबात साधारण 3 टक्क्यांची चूक धरावी लागते. 15 सेंटिमीटर खोलीवर ती जवळपास अर्धा सेंटिमीटर होते. रुग्णाचं वजन उतरलं, पोटात गॅस झाला, सायनस भरलं, की थांबा हलतो. क्ष-किरणाला अशा बदलांनी तेवढा फरक पडत नाही.

मागच्या महिन्यात शेजारच्या काकांनी विचारलं, भावासाठी जमीन गहाण टाकून प्रोटॉन घ्यावं का? भावाचा कॅन्सर हाडात पसरलाय आणि कळ सहन होत नाही. मी म्हटलं, काका, डॉक्टरांना एकच विचारा: गाठीला चिकटून असं काय आहे जे साध्या मशीननं वाचणार नाही? त्यांनी विचारलं. हाडातली कळ थांबवायला बहुतेकदा 8 ग्रेचा एकच डोस पुरतो, आणि तो साध्या मशीनवरही देता येतो. भावाला तो मंगळवारी दिला.