खाजनातला एक तुकडा

गोव्यात मांडवी-झुआरीच्या काठची खाजनं लांबून साधी भातशेतं वाटतात. पण ही जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. 1510मध्ये पोर्तुगीज आले, त्याच्या कितीतरी आधी गावकरीने, म्हणजे गावाची जमीन सामायिक सांभाळणाऱ्या संस्थेने, चिखल, पेंढा आणि जांभा दगडांचे बांध घालून ती खाडीकडून मिळवली.

या शेतीचा जीव मानशीत आहे. मानस म्हणजे बांधात बसवलेली लाकडी झडप. ओहोटीला आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा वर असतं. त्याच्या रेट्याने झडप उघडते आणि पाणी निघून जातं. भरती चढली की खाडीचं पाणी तीच झडप दाबून बंद करतं. दिवसातून दोनदा, ना वीज ना पंप. जूनचा पाऊस मातीतलं मीठ धुऊन काढतो आणि उरलेला खारटपणा कोरगुट भात सोसतो. इतकी नेटकी जलरचना क्वचितच पाहायला मिळते.

खाजनाचं पाणी सर्व्हे नंबर पाळत नाही. एकाने आपला तुकडा विकला, तिथे मातीचा भराव पडून व्हिला उभे राहिले, की पावसाचं पाणी पसरायची जागा तेवढी कमी होते आणि ते शेजारच्या शेतात तुंबतं. भराव ओहळावर आला, तर मानशीपर्यंत पाणी पोचतच नाही.

भराव न घालताही नुकसान होतं. भाव वाढेल म्हणून जमीन पडीक ठेवली जाते. गावातली तरुण मुलं हॉटेलांत, टॅक्सीवर जातात; तिथे पैसा बरा मिळतो, त्यांना दोष देणं अन्यायाचं आहे. पण पावसाआधी बांधाला चिखल लावायला माणसं उरत नाहीत. 1964च्या कूळ कायद्यानंतर हे काम कुळांच्या संघटनांकडे आलं, आणि कूळच शेत कसेनासं झालं तर संघटना तरी काय करणार? खेकड्यांनी पोखरलेला बांध एखाद्या अमावास्येच्या उधाणात फुटतो. खारं पाणी कसणाऱ्याच्याही शेतात शिरतं, आजूबाजूच्या विहिरी मचूळ होतात. वर्षानुवर्षं पाणी आत राहिलं तर तिथे खारफुटी उगवते. तिला कायद्याचं संरक्षण असल्यामुळे ते शेत परत लागवडीखाली आणणं फार कठीण होतं.

2023मध्ये गोव्याने भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर कायद्याने बंदी घातली. पाऊल योग्यच आहे; पण त्याने आधीचा भराव निघत नाही आणि बांधही दुरुस्त होत नाही. बांधकामाची परवानगी देताना त्या एका प्लॉटपुरतं न बघता, एका मानशीवर जितकी शेतं निचरतात त्या सगळ्यांचा विचार व्हायला हवा.