पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या: आम्ही चिठ्ठी का मागतो

गौरी-गणपती जवळ आले किंवा घरात लग्न निघालं, की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हमखास ऐकू येतं, "दादा, उद्या गौरी यायच्यात, पाळी पुढे जायच्या गोळ्या द्या." चिठ्ठी विचारली की ताई नाराज होतात. "मागच्या वर्षी दुसरीकडे अशाच मिळाल्या," म्हणतात. मिळाल्या असतील. आम्ही देत नाही.

या गोळीत नॉरएथिस्टेरॉन हे संप्रेरक असतं. पोटात गेल्यावर त्याचा थोडा भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि इस्ट्रोजेनमुळे रक्तात गाठी व्हायची शक्यता वाढते. गाठ बहुधा पायात किंवा फुप्फुसात होते, क्वचित मेंदूच्या रक्तवाहिनीत. मेंदूत झाली तर पक्षाघात, म्हणजे लकवा. तब्येत ठणठणीत असलेल्या बहुतेक बायकांना चार-आठ दिवसांच्या गोळ्यांनी काही होत नाही, हे खरं आहे. पण ठणठणीत कोण, हे काउंटरवरून नुसतं बघून आम्हाला कळत नाही.

डॉक्टर बीपी बघतात. अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे चमचमत्या वाकड्यातिकड्या रेषा दिसतात का, हे विचारतात. अशा बायकांना पक्षाघाताचा धोका मुळातच जास्त असतो. पूर्वी कधी गाठ झाली होती का, नुकतंच बाळंतपण झालंय का, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, हेही बघतात. मिश्री लावत असाल तर तीही सांगा. मिश्री म्हणजे तंबाखूच, त्यातल्या निकोटीनने बीपी चढतं.

बीपीचं विचारलं की "मला नाही हो काही," हे ठरलेलं उत्तर. मालकांच्या आणि सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या दर महिन्याला न चुकता नेणाऱ्या कितीतरी काकूंनी स्वतःचं बीपी बाळंतपणानंतर मोजलेलंच नसतं. आमच्याकडे ते रोज सकाळी १० ते १२ फुकट मोजून मिळतं. घरी मशीन हवं असेल तर दंडाच्या मापाचा पट्टा बघून देतो. पट्टा लहान पडला की आकडा जास्त दिसतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आदल्या दिवशी येणं. गोळी पाळीच्या तारखेच्या साधारण ३ दिवस आधी सुरू करावी लागते. पाळी सुरू झाल्यावर घेऊन ती थांबेल असं धरू नका. म्हणून तारखेच्या ८-१० दिवस आधी डॉक्टरांकडे जा. शेजारणीकडची उरलेली स्ट्रिप तर नकोच. तिचं बीपी वेगळं, तुमचं वेगळं.

गोळ्या चालू असोत वा नसोत, अचानक तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखू लागलं, तर "पित्त झालंय, पडते जरा" म्हणून झोपू नका. त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा आणि १०८ ला फोन करा. गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. अशा वेळी अ‍ॅस्पिरिन मागायला आमच्याकडे माणूस पाठवू नका. मेंदूत गाठ आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही, आणि रक्तस्रावात तीच गोळी घात करते.

चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर गोळ्या बंद खाकी पाकिटात घरपोच येतील. मुलगा दारात आला की मूळ चिठ्ठी तेवढी दाखवा.