आतल्या कोपऱ्यात पावडर का बसत नाही?

पावडर कोटिंगसाठी (धातूवर विजेच्या भारानं पावडर बसवून ती ओव्हनमध्ये पक्की करण्यासाठी) आमच्याकडे, नाशिकच्या अंबडला, जॉब, म्हणजे कोट करायच्या वस्तू, पाठवणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पॅनेल बॉक्सचा दरवाजा उघडायचा, आतल्या कोपऱ्यावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, "इथे काय झालं?" आम्हाला सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. बाहेरून ७० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छान थर, आणि आत कोपऱ्यात पत्रा डोकावतोय. पोरानं पावडर फवारायची गन नीट फिरवली नाही, असा बहुतेकांचा अंदाज असतो. कधीकधी तो खराही असतो, पण मग सपाट भागावरही पट्टे दिसतात. फक्त कोपराच कोरडा राहिला असेल तर कारण विद्युतक्षेत्रात शोधावं लागतं. आणि ते क्षेत्र कुठे जोर धरेल, कुठे विरेल, हे तुमच्या जॉबचा आकार ठरवतो. म्हणून हे पत्रक ड्रॉइंग फायनल होण्याआधी वाचलेलं बरं.

गनपासून जॉबपर्यंत

गनच्या तोंडाशी एक बारीक सुई असते. तिच्यावर साधारण ६० ते १०० केव्ही (किलोव्होल्ट) ऋण विद्युतदाब असतो. समोर हुकाला लटकलेला जॉब अर्थ केलेला, म्हणजे शून्यावर. या दोघांमधल्या जागेत विद्युतक्षेत्र तयार होतं. गन ८० केव्हीवर आणि २५ सेंटीमीटर लांब धरली, तर ते सरासरी दर सेंटीमीटरला ३.२ केव्ही भरतं. हवेतून ठिणगी उडायला सेंटीमीटरमागे ३० केव्हीच्या आसपास लागतात, त्यामुळे मधली हवा शांत राहते. सुईच्या टोकाशी मात्र क्षेत्र एकवटतं आणि ही मर्यादा ओलांडतं. तिथली हवा आयनित होते, सुटलेले इलेक्ट्रॉन मुख्यतः ऑक्सिजनच्या रेणूंना चिकटतात आणि ऋण आयनांचा लोंढा जॉबच्या दिशेने निघतो. अंधारात सुईच्या टोकाला जी निळसर चमक दिसते तिला कोरोना म्हणतात. गनचं नाव कोरोना गन पडलं ते यावरून; त्या साथीशी तिचा काही संबंध नाही, तरी तेव्हापासून विचारणारे विचारतातच.

पावडर या लोंढ्यातून जाताना आयन तिच्या कणांवर बसतात. ४० मायक्रॉनच्या एका कणावर ढोबळमानाने ३ लाख इलेक्ट्रॉनांइतका भार चढतो. अमर्याद चढत नाही, कारण कणावर आधीच बसलेला ऋण भार नव्या ऋण आयनांना दूर लोटतो. आता हा कण क्षेत्रात आहे, आणि भारित कणावरचं बल म्हणजे त्याचा भार गुणिले क्षेत्र. वरचे आकडे घालून पाहिलं तर हे बल कणाच्या स्वतःच्या वजनाच्या ३० पटींच्या घरात जातं. म्हणून पावडर खाली न पडता जॉबकडे ओढली जाते. या क्षेत्राच्या काही रेषा (कण ज्या वाटेनं ओढला जातो त्या) जॉबला वळसा घालून मागच्या बाजूला पोचतात. गोल पाइपची पाठ गन न फिरवताही थोडीफार झाकली जाते ती त्यामुळे. द्राक्षबागेत इलेक्ट्रोस्टॅटिक फवारणी यंत्र वापरणाऱ्यांना हे सांगायला नको. पानाच्या खालच्या बाजूला औषध बसतं ते याच नियमानं. एकलहऱ्यासारख्या कोळशावरच्या वीज केंद्रांत धुरातली राख पकडतात तीही अशीच, आधी राखेला भार देऊन आणि मग पत्र्यांकडे ओढून.

पत्र्याला टेकल्यावर कणाचा भार लगेच निघून जात नाही. इपॉक्सी-पॉलिस्टर पावडर विजेची दुर्वाहक असते. तिच्या ऋण भारासमोर पत्र्यात धन भार गोळा होतो आणि कण चिकटून राहतो. बूथपासून (पावडर मारायच्या जागेपासून) ओव्हनपर्यंत पावडर टिकते ती या ओढीवर, गोंद वगैरे काही नसतो. पुढे ओव्हनमध्ये १८० ते २०० अंशांना पावडर वितळते, पसरते आणि पक्की होते.

मग कोपऱ्यात काय होतं

क्षेत्ररेषा गनकडे तोंड करून असलेल्या पहिल्या धातूवर संपतात. खोल खोबणीत, यू चॅनेलमध्ये, बॉक्सच्या आतल्या कोनात त्या कडांवरच थांबतात. आत क्षेत्र जवळजवळ शून्य. मायकेल फॅरडेनं १८३६ मध्ये धातूच्या पत्र्यानं मढवलेली एक खोलीच उभी केली होती. बाहेरून तिला जोरदार विद्युतभार दिला, आत संवेदनशील उपकरणं ठेवली, आणि उपकरणांना काही कळलं नाही. तुमच्या बॉक्सचा कोपरा म्हणजे त्या खोलीची छोटी आवृत्ती. आत शिरायला पावडरकडे उरते ती फक्त हवेची फुंकर. फुंकर वाढवली तर आधी बसलेली पावडरसुद्धा उडते.

"मग केव्ही वाढवा की!" हा सल्ला आम्हाला नेहमी मिळतो. वाढवल्यानं बिघडतं. कडांवरचं क्षेत्र आणखी तीव्र होतं, पावडर तिथेच जाड बसते आणि कोपरा होता तसाच राहतो. आम्ही उलटं करतो. केव्ही उतरवतो, करंट १० ते २० मायक्रोअँपिअरवर बांधतो, हवा कमी करतो, आणि कोपरे आधी मारून मग सपाट भाग घेतो. फारच अडचणीच्या जॉबला ट्रायबो गन लावतो. तिच्यात उच्च दाबाची सुई नसते; पावडर टेफ्लॉनच्या नळीतून घासत जाते आणि धन भार घेते. बाहेर क्षेत्र उभं राहत नाही, त्यामुळे कडांची ओढही नसते आणि पावडर हवेबरोबर आत पोचते. मात्र काम सावकाश होतं, प्रत्येक पावडर ट्रायबोला चालत नाही, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत भार नीट धरत नाही. दर वेगळा लागतो तो म्हणून.

खरा इलाज तुमच्या ड्रॉइंगवर आहे. काटकोनी कोपऱ्याला थोडा रेडियस द्या. चॅनेलची खोली त्याच्या रुंदीपेक्षा जास्त ठेवू नका, ठेवावीच लागत असेल तर आधी बोला. स्टिफनर पट्टी आतून वेल्ड करण्याऐवजी बोल्टवर बसवता येते का पाहा. सुटे भाग कोट करून नंतर जोडले की प्रश्नच मिटतो. पत्र्याच्या धारदार बर (कापताना कडेला राहिलेले कंगोरे) काढूनच पाठवा. ओव्हनमध्ये वितळलेली पावडर पृष्ठताणामुळे धारेवरून मागे सरते, आणि गंज सगळ्यात आधी तिथेच धरतो.

हुक आणि अर्थिंग

आमच्या मते निम्मे वाद हुकाशी मिटू शकतात. जॉबवर येणारा भार हुकातून, कन्व्हेयरमधून जमिनीत उतरला पाहिजे. जॉब आणि अर्थ यांच्यातला रोध १ मेगाओहमच्या आत हवा. हुकावर जुन्या कोटिंगची पुटं चढली असतील तर जॉब लटकलेला दिसतो, अर्थ झालेला नसतो. मग त्यावर ऋण भार साठतो, येणारी पावडर परत लोटली जाते आणि थर विरळ राहतो. त्याहून वाईट म्हणजे असा जॉब बूथमध्ये ठिणगी टाकू शकतो, आणि हवेत पसरलेली पावडर पेट घेणारी असते. हुक जाळून आणि घासून साफ करायचं काम आमचं. तुमच्याकडून एवढंच हवं की लटकवायला ८ ते १० मिलिमीटरचं भोक अशा जागी द्या जिथे कोटिंग नसलं तरी चालेल. भोक नसेल तर कुठे धरायचं ते आम्ही ठरवू, आणि डाग तिथे राहील. बंद पाइपला खाली ड्रेन होलही हवं, नाहीतर कोटिंगआधीच्या सात टाक्यांच्या धुलाईचं पाणी आत अडकतं आणि ओव्हनमध्ये बाहेर येतं.

"जरा जाड मारा"

गेटवाले आणि ग्रिलवाले हे हमखास सांगतात. पावडरला स्वतःची मर्यादा आहे. गनमधून निघालेल्या आयनांपैकी बहुतेक पावडरवर बसतच नाहीत, ते मोकळेच थरावर येऊन साठतात. थर जाड झाला की त्याच्या आतलंच क्षेत्र इतकं वाढतं की थरातली हवा फुटते. बारीक खड्डे पडतात, संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो. ६० ते ८० मायक्रॉनचा सलग थर १५० मायक्रॉनच्या खड्ड्याखड्ड्यांच्या थरापेक्षा जास्त टिकतो. रिकोटिंगचंही तेच. पहिला थर आता दुर्वाहक झालेला असतो, भार खाली उतरायला वाट नसते. त्यामुळे रिकोट कमी केव्हीवर आणि पातळच मारावा लागतो. तिसऱ्या थराला आम्ही नाही म्हणतो. जुना काढूनच पुन्हा करतो.

मेटॅलिक शेडबद्दल थोडक्यात. त्यातली ॲल्युमिनियमची चकती आणि मूळ पावडर वेगवेगळा भार घेतात. नुसती मिसळलेली पावडर असेल तर केव्ही बदलला की शेड बदलते. बॉन्डेड पावडर (चकत्या कणांना चिकटवलेली) महाग पडते, पण रिपीट ऑर्डर असेल तर तीच घ्या.

चुंबक लावून पावडर ओढता येईल का?

अभियांत्रिकीची मुलं शेड बघायला येतात तेव्हा हा प्रश्न निघतो, आणि अलीकडे ग्राहकही विचारतात. चुंबकीय क्षेत्र भारित कणावर बल लावतं हे खरं, पण कण हलत असेल तरच, आणि तेही कणाच्या वेगाला व क्षेत्राला, दोघांनाही काटकोनात. म्हणजे जॉबमागे चुंबक धरला तर पावडर जॉबकडे न येता बाजूला ढकलली जाईल. कितीशी? कण सेकंदाला १० मीटर वेगानं जातोय आणि चुंबक ०.१ टेस्लाचा आहे असं धरलं, तर बल कणाच्या वजनाच्या दहा हजाराव्या भागाइतकं. विद्युतक्षेत्राच्या ओढीपेक्षा लाखो पटींनी कमी. आमच्या कामात ते धरायचीही गरज नाही.

इलेक्ट्रॉनची गोष्ट निराळी. किलोमागे भार पाहिला तर तो पावडरच्या कणाच्या १०० लाख कोटी पटींहून जास्त भरतो, आणि तो धावतोही अफाट वेगानं. जुन्या डबा टीव्हीच्या नळीत त्याला पडदाभर फिरवायचं काम चुंबकीय कॉइलच करत असे. त्या टीव्हीजवळ चुंबक नेल्यावर रंग विस्कटायचे ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळा पुरावा नको. जे. जे. थॉमसननं १८९७ मध्ये अशाच किरणांना विद्युत आणि चुंबकीय अशा दोन्ही क्षेत्रांतून नेऊन त्यांच्या भार आणि वस्तुमानाचं गुणोत्तर काढलं होतं.

चुंबकाचा आम्हाला त्रास होतो तो दुसऱ्याच जागी. मॅग्नेटिक चकवर (जॉब चुंबकानं धरून ठेवणाऱ्या पकडीवर) ग्राइंड केलेला किंवा चुंबकी लिफ्टरनं उचललेला जॉब स्वतःच थोडा चुंबक होतो. मग ग्राइंडिंगची बारीक लोखंडी धूळ त्याला धरून बसते, धुतली तरी सगळी सुटत नाही, आणि कोटिंगखाली काळे कण उठून दिसतात. असे जॉब डीमॅग्नेटाइज करूनच पाठवा. शंका असेल तर एक टाचणी टेकवून बघा.

शेडमध्ये येताना

गनचा दाब मोठा असला तरी करंट मायक्रोअँपिअरमधला असतो, त्यामुळे चुकून झटका बसला तर दचकायला होतं एवढंच. पण ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी बूथजवळ येऊ नये. ऑफिसात बसा, सँपल आम्ही बाहेर आणून दाखवू. मोबाइल आणि लायटर बूथच्या बाहेर ठेवायचे.

चलनावर शेडचा नंबर आणि ग्लॉस यांच्याबरोबर दोन गोष्टी लिहायला विसरू नका: कोणती बाजू दिसणार आहे, आणि कोणत्या भोकांना टॅप (आतून आटे) आहेत. दिसणारी बाजू कळली की हुक कुठे घालायचा ते कळतं. टॅप कळले तर कॅप लावता येतात. नाहीतर आटे पावडरनं भरतात आणि ते पुन्हा मारायचं काम तुमच्या माणसाच्या गळ्यात पडतं.